मशीन बघायला कुपवाडला

कराडबाहेर भाड्यानं घेतलेल्या माझ्या शेडमध्ये सिमेंटचा चौथरा घालून झाला होता, थ्री फेजची वीज आली होती, दारावर पाटीसुद्धा लागली होती. फक्त मशीन नव्हतं. चौथरा जूनमध्ये घातला, ऑगस्ट निम्मा सरला तरी तो मोकळाच. रोज सकाळी मी शटर उघडायचे, चौथऱ्याभोवती फेऱ्या मारायचे, त्याच्यावर न बसलेली धूळ झाडायचे आणि तासाभरानं शटर ओढून घरी यायचे. सासूबाई ताटात भाकरी टाकताना विचारायच्या, "आज काय झालं शेडात?" मी म्हणायचे, "बघतेय." नवरा सैन्यात, त्या वेळी लडाखला होता. फोन लागला की त्याचं पहिलं वाक्य, "घाई करू नकोस," आणि दुसरं, "मिळालं का?"

त्याआधी अकरा वर्षं मी साताऱ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी केली. कराडहून पहाटेची एसटी, संध्याकाळी परत. काम माप घेण्याचं. दुसऱ्यानं केलेला जॉब हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, काट्यानं फरक दाखवणारा डायल लावायचा, आणि मापात बसत नसला की त्याच्यावर लाल रंगाची रेघ ओढून बाजूच्या पेटीत टाकायचा. ऑपरेटर लोक मला टरकून असत. "ताई, दोनच मायक्रॉन तर आहे," असं कुणी म्हणालं तर मी वर बघायचेसुद्धा नाही. आकडा जो आहे तो आहे, त्यात तुझं-माझं काय, असं मला खरोखर वाटायचं.

नोकरी सोडली ती तासगावच्या एका कारखानदाराच्या शब्दावर. तो द्राक्षबागांवर औषध मारायचे ब्लोअर बनवतो. त्याच्या पंपाची बॉडी बीडाच्या लोखंडाची ओतून येते आणि मग तिला आतून-बाहेरून मिलिंग करून, म्हणजे कापून, मापात आणावं लागतं. तो म्हणाला, "तुम्ही स्वतः मशीन टाकत असाल तर काम मी देतो. पण ऑक्टोबर छाटणीच्या आधी माल हवा. छाटणी झाली की शेतकरी ब्लोअरसाठी दारात उभा राहतो, तेव्हा पंप नाहीत म्हणून चालत नाही."

नवं मशीन घेणं मला शक्य नव्हतं, म्हणून जुनं बघायचं ठरलं. मला हवं होतं ते व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंगचं उभं मशीन. वर स्पिंडल फिरतो, त्याच्या तोंडात कापायचं टूल बसवतात. खाली टेबल सरकतं, डावी-उजवीकडे सरकतं तो एक्स अक्ष, पुढं-मागं सरकतं तो वाय. बाहेरून सगळी मशीनं सारखीच दिसतात. आठ-दहा वर्षांत आत काय झालंय ते मालक सांगेल तेवढंच कळतं, बाकीचं आपण शोधायचं.

दोन महिन्यांत मी पाच मशीनं बघितली. साताऱ्यात एक होतं, त्याचा मालक पत्रे काढून आतला भाग दाखवायलाच तयार नव्हता. "उघडलं की नीट बसत नाही," म्हणाला. तिथूनच माघारी फिरले. सांगलीत नदीकडच्या अंगाला एक होतं, चकचकीत रंगवलेलं, किंमत वाजवी. मी विजेच्या कपाटाचं दार उघडून खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. बोटाला तांबूस, मैद्यासारखा बारीक गाळ लागला. त्या मशीननं पुराचं पाणी प्यायलं होतं. मालकाला बोट दाखवलं तर तो म्हणाला, "धूळ आहे हो." सांगलीच्या माणसानं गाळाला धूळ म्हणावं याचं मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. गाडीत बसल्यावर रडू आलं. बाकीच्या तीन मशीनचं सांगण्यासारखं नाही.

मग एका ओळखीच्या मेकॅनिकनं कुपवाडच्या मशीनचा व्हिडिओ पाठवला. दीड मिनिटाचा. स्पिंडल फिरतोय, टेबल सरकतंय, टूल थंड ठेवणाऱ्या कुलंटची पांढरी धार पडतेय. तो व्हिडिओ मी जेवताना बघितला, मुलीचा अभ्यास घेताना बघितला, आवाज वाढवून आणि बंद करून बघितला. मशीन बारा वर्षांचं, एकाच मालकाच्या हातातलं. कुपवाड उंचावर आहे, तिथं पुराची भीती नाही. मी मालकाला फोन केला. तो म्हणाला, "या की ताई. पण सोमवारी कोल्हापूरची पार्टी येणार आहे, त्याआधी या."

आबांना, माझ्या वडिलांना, हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी येतो."

आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. चौतीस वर्षं एकाच लेथवर उभे राहिले. कॉम्प्युटरच्या मशीनला त्यांनी कधी हात लावला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांनी यावं असं मला मनातून वाटत नव्हतं. आधीच्या पाच वेळा मी एकटीच गेले होते. पण नाही कसं म्हणायचं?

शनिवारी सकाळी निघालो. गाडी मी चालवत होते. पेठ नाक्याला आबा म्हणाले, "च्या घेऊ." मी म्हणाले, "तिथं गेल्यावर घेऊ." आष्ट्याला पुन्हा म्हणाले, मी पुन्हा तेच सांगितलं. दहाची वेळ ठरली होती आणि सव्वानऊलाच आम्ही कुपवाडच्या त्या गल्लीत पोहोचलो. शटर अजून उघडायचं होतं. मी गाडीतून उतरून येरझारा घालायला लागले. आबा कोपऱ्यावरच्या टपरीत एकटेच चहा पिऊन आले.

मालक पन्नाशीतला होता, बोलायला मोकळा. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, इकडं परत यायचं नाव काढत नाही, म्हणून कारखाना आवरता घेतोय, असं त्यानं सांगितलं. सांगताना सगळा वेळ तो आबांकडं बघत होता. "काका, मशीन एकदम हातातलं आहे बघा."

आबा म्हणाले, "मला न्हाई, हिला सांगा. घेणार ही हाय."

मशीनशेजारी ऑपरेटर उभा होता. मिरजेचा, पंचावन्नच्या पुढचा, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, खांद्यावर फडकं. मालक त्याला चाचा म्हणत होता, मीही तेच म्हणायला लागले. मशीन नवं आलं त्या दिवसापासून चाचाच ते चालवत होते. मी सांगेन ते बटण ते दाबत, सांगेन तिथं टेबल नेत, आणि लगेच हात मागं घेऊन उभे राहत. आपण होऊन एक शब्द बोलत नव्हते.

मी आधी विजेचं कपाट उघडलं. खाली बोट फिरवलं, साधी काळी धूळ. वायरींवर कुठं गंज नाही. तेलाची टाकी बघितली, तेल ताजं. मग पिशवीतनं माझा डायल काढला. चुंबकाचा स्टँड टेबलावर बसवला, स्पिंडलच्या तोंडात तासून गुळगुळीत केलेला पोलादी दांडा बसवला, त्याला डायलचं टोक टेकवलं आणि चाचांना स्पिंडल हातानं हळूहळू फिरवायला सांगितलं. स्पिंडल वाकडा असेल, बेअरिंग झिजलेलं असेल, तर इथं काटा हलतो.

काटा जवळजवळ हललाच नाही. मी पुन्हा फिरवायला लावलं. तेच. बारा वर्षांच्या मशीनचा स्पिंडल इतका नीट मी बघितला नव्हता. मनात मी ते मशीन तिथून उचललं, कराडच्या चौथऱ्यावर ठेवलं, पंपाच्या बॉड्या ओळीनं मांडल्यासुद्धा.

आबा चष्मा पुसत जवळ आले. "काय म्हणतोय?"

"स्पिंडल नव्यासारखा आहे, आबा."

"नव्यासारखा?" ते स्पिंडलकडं बघत राहिले. मग चाचांकडं वळून म्हणाले, "एवढं जुनं मशीन, आन् हा एवढा नवा कसा?"

चाचांनी मालकाकडं बघितलं. मालक म्हणाला, "मेंटेनन्स आहे काका. आम्ही जपलंय."

मला आबांचा राग आला. चांगलं निघालं तरी शंका. मी पुढच्या मापाला लागले.

आता अक्षांची ढिलाई बघायची होती. टेबल ज्या लांब स्क्रूवर सरकतं तो स्क्रू झिजला की मशीन फसवायला लागतं. आपण सांगतो इतकं सरक, ते सरकतं त्याहून थोडं कमी, आणि उलट फिरताना आधी नुसताच स्क्रू फिरतो, टेबल जागचं हलत नाही. सायकलचं पायडल उलट मारल्यावर ते जसं थोडं रिकामं फिरतं, तसं. एक्स अक्ष बघितला, ठीक होता. मग वाय. टेबल त्या वेळी पार मागं, भिंतीकडच्या टोकाला उभं होतं. मी तिथंच डायल लावला. टेबल हातानं सरकवायचं चाक चाचांनी एक-एक खाच फिरवलं, पुढं आणि मग उलट; एक खाच म्हणजे डायलवरची एक रेघ. काटा एका रेघेनं मागं राहिला आणि मग सुटला. मी वहीत लिहिलं आणि स्टँड काढायला लागले.

आबा म्हणाले, "मधी बघ की."

"बघितलं आबा."

"टोकाला बघितलंस. जॉब कुठं लागतो? मधी. मग झिजंल कुठं? आमच्या लेथचा बेड जॉब धरायच्या चकाजवळच झिजायचा, तिकडं शेपटाला कोण जातंय."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यात कुणी असं एका टोकाला माप घेऊन आलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. तरीही मी तिथं उभी राहून म्हणाले, "आबा, ही लेथ नाही. तुम्हाला यातलं कळत नाही. मला माझं काम करू द्या."

मालक खाली बघायला लागला. आबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

मी चाचांना म्हणाले, "टेबल मध्ये घ्या."

चाचांनी टेबल मध्ये आणलं. त्यांचा हात चाकावर होता, पण फिरवायच्या आधी ते क्षणभर थांबले. मला वाटलं, त्यांना चाकावरचे आकडे दिसले नाहीत की काय. मग त्यांनी फिरवलं. पुढं जाताना काटा नीट चालला. उलट फिरवल्यावर एक खाच गेली, काटा गप्प. दुसरी गेली, गप्प. तिसरी, चौथी. पाचव्या खाचेला काटा एकदम उडी मारून सुटला.

"परत," मी म्हणाले.

परत तेच. आणि मी काय केलं ते लिहायला मला अजून जड जातं. मी वहीत तीन लिहिलं. काटा चार रेघांहून जास्त मागं राहिला होता, पाचाला टेकत होता, आणि मी तीन लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. मालक तर माझ्या मागं उभा होता, त्याला वही दिसतसुद्धा नव्हती. अकरा वर्षं मी दोन मायक्रॉनसाठी माणसांचं दिवसाचं काम पेटीत टाकलं होतं, आणि इथं माझा हात आपण होऊन कमी आकडा लिहून मोकळा झाला. मी त्या तीनकडं बघत राहिले. मग तो खोडला आणि पाच लिहिलं. खोडलेला तीन वहीत अजून आहे.

मग मी बरोबर आणलेला बीडाचा ठोकळा टेबलाच्या मधोमध बांधायला लावला आणि त्यात एक गोल भोक मिल करून घेतलं. मशीन नीट असेल तर भोक गोल येतं. हे डोळ्याला गोल दिसत होतं, पण बोट आत फिरवलं की दोन जागी पायरी लागत होती. आबा लांब उभे होते. मी ठोकळा त्यांच्याकडं नेला. त्यांनी अंगठा आत घातला, एकदा फिरवला आणि परत दिला.

मालक म्हणाला, "ताई, जुन्या मशीनला एवढं चालतंच. आम्ही याच्यावर रोज माल काढतोय. तुम्ही नको म्हणालात तर सोमवारी कोल्हापूरवाले नेतीलच."

मी म्हणाले, "दोन दिवसांत सांगते," आणि डायल पिशवीत भरला. गाडीत सामान ठेवत असताना आबा पुन्हा आत गेले. पाण्याला गेले असतील असं मला वाटलं. पाच-सात मिनिटांनी आले आणि पुढच्या सीटवर बसले. कराडपर्यंत आम्ही जेमतेम चार वाक्यं बोललो, त्यातली दोन रस्त्याबद्दल होती.

रविवार मी कसा काढला ते मलाच माहीत. सोमवार उजाडेल आणि मशीन जाईल, एवढं एकच डोक्यात. मग मी स्वतःला समजवायला लागले. खोट मधल्या भागातच आहे ना? पंपाची बॉडी लहान असते. तिला बांधायचा शिकंजा मध्ये न ठेवता मागच्या बाजूला ठेवला तर? कागदावर टेबलाचं चित्र काढलं, शिकंजा मागं सरकवला, बॉडी बसवून बघितली. बसत होती. सासूबाई म्हणाल्या, "आगं, भात करपतोय." मी गॅस बंद केला आणि पुन्हा चित्राकडं आले. संध्याकाळपर्यंत माझं ठरलं होतं. सकाळी फोन करायचा, आणि हो म्हणायचं.

सोमवारी सकाळी शेडमध्ये चौथऱ्याच्या कडेवर बसून मी मालकाचा नंबर काढत होते, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"ताई, मी कुपवाडचा चाचा बोलतोय. मशीनवरचा."

मी उभी राहिले. "बोला चाचा."

"ते मशीन हाय तसं घेऊ नका."

मग त्यांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी एक जॉब लावताना त्यांनी वाय अक्षाचा आकडा टाकला आणि वजा चिन्ह टाकायचं राहिलं. टूल खाली उतरलेलं होतं. टेबल मागं जायच्या ऐवजी पूर्ण वेगानं पुढं आलं आणि शिकंजा टूलवर जाऊन आदळला. स्पिंडल गेला. तो मालकानं नवा बसवला. स्क्रूला मधोमध मार बसला होता, पण स्क्रू बदलायचा तर मशीन महिनाभर उभं राहणार, म्हणून चालतंय तोवर चालवू असं ठरलं.

"आता ती जागा वाढतीय," चाचा म्हणाले. "तेलात बारीक चुरा येतोय. मी रोज पुसतोय, मला दिसतंय. आज चार बोटं हाय, सहा महिन्यांत पार जाईल. तुमी मागच्या बाजूला जॉब लावून चालवाल, पण ते बी लय दिवस न्हाई."

माझ्या कागदावरचं चित्र त्यांनी बघितलंच होतं जणू. मी विचारलं, "त्या दिवशी का नाही बोललात?"

"माझ्या हातनं झालं होतं ताई. दुसऱ्या कुणी मला घरी बसवलं असतं. मालक एक शब्द बोलले न्हाईत. पगार कापला न्हाई. घरी जाताना मला म्हणाले, चाचा, जेवा नीट. मग त्यांच्यासमोर त्यांचं मशीन मी खोटं पाडू कसं?"

"मग आज?"

"आज सकाळी आधी त्यांना सांगितलं. म्हणलं, मी त्या बाईंना फोन करणार. तुमी नको म्हणालात तरी करणार. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, करा."

मी विचारलं, माझा नंबर कुठून मिळाला. ते म्हणाले, "तुमच्या वडलांनी दिला. शनिवारी आत येऊन माझ्या हातात कागद ठेवला. म्हणाले, तुमचा हात चाकावर थांबला ते मी बघितलंय. बोलावं वाटलं तर बोला, न्हाई तर कागद फाडून टाका."

चष्मा खिशात असतानाही आबांनी तो हात बघितला होता. मी डायलच्या काट्याकडं बघत होते, आणि ते माणसाकडं.

कोल्हापूरची पार्टी त्या सोमवारी आली नाही. मुळात होती की नाही हे मी कधी विचारलं नाही. मंगळवारी आम्ही दोघं पुन्हा कुपवाडला गेलो. वाटेत मी म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी तुम्हाला..." ते म्हणाले, "पुढं एसटी थांबतीय बघ." मी ब्रेक लावला. पेठ नाक्याला मी आपण होऊन गाडी थांबवली, दोघांनी चहा घेतला, आणि तो विषय तिथंच राहिला. नंतरही मी कधी तो पुरा केला नाही. करायला हवा होता.

या वेळी मालक माझ्याशी बोलला. खुर्चीवर न बसता उभ्यानंच म्हणाला, "ताई, लपवलं ते मी. चाचांचा त्यात दोष न्हाई." मग त्यानं टेबलाखालचं झाकण काढायला लावलं. मी टॉर्च धरून वाकले. सगळा स्क्रू आरशासारखा चमकत होता आणि मधोमध हाताच्या पंज्याएवढ्या भागात त्याचा रंग करडा पडलेला. तिथं बोट फिरवलं तर बारीक खड्डे लागत होते. आबांनीही वाकून बघितलं. उठताना त्यांना चाचांनी हात दिला.

ठरलं ते असं. मालकानं आपल्या खर्चानं नवा स्क्रू आणि नट बसवून द्यायचा, मी त्यानं सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्यायची, आणि बसवल्यावर मधली, पुढची, मागची, सगळी मापं मी घ्यायची. स्क्रू यायला आणि बसायला पाच आठवडे लागणार होते. पाच आठवडे म्हणजे छाटणी तोंडावर येणार. मला ते कळत होतं आणि तरी मी हो म्हणाले.

तासगावला जाऊन मी कारखानदाराला स्वतः सांगितलं. तो रागावला नाही, पण निम्मं काम त्यानं त्याच आठवड्यात दुसरीकडं दिलं. "तुम्ही आलात की उरलेलं तुमचं," म्हणाला. त्या पाच आठवड्यांत मी वजन उतरवलं, मुलीवर विनाकारण ओरडले, आणि फोनवर नवऱ्याशी दोनदा भांडले. त्यातलं एक भांडण लडाखच्या थंडीवरून होतं, ज्याच्याशी माझा काही संबंध नव्हता.

स्क्रू बसल्यावर मी आबांना घेऊन कुपवाडला गेले आणि एक अख्खा दिवस मापं घेतली. वायच्या मधोमध काटा एका रेघेच्या आत राहिला. सात वेळा घेतलं. आठव्या वेळी मालकच म्हणाला, "ताई, आता जेवू या का?" त्याच्या घरून डबा आला होता. आम्ही चौघं मशीनशेजारी वर्तमानपत्र पसरून जेवलो.

मशीन ट्रेलरवरून कराडला आलं त्या दिवशी चाचा बरोबर आले होते, फक्त बसवून द्यायला. त्यांचा कारखाना तर बंदच होत होता. संध्याकाळी जाताना मी विचारलं, "चाचा, इथं याल का?" ते म्हणाले, मिरजेहून कराड रोज जमायचं नाही. शेवटी आठवड्याचे चार दिवस ठरले. आता ते रेल्वेनं येतात. बाकीचे दिवस मी स्वतः मशीनवर उभी राहते. उरलेल्या पंपाच्या बॉड्या आम्ही छाटणी सुरू झाल्यावर पोहोचवल्या. उशीर झाला तो झालाच. पण परत एकही आली नाही, आणि या वर्षी काम पूर्ण मिळालंय.

माझी घालमेल मात्र गेली नाही. आता मशीन चालू असलं की मला ते बंद पडेल असं वाटतं, आणि बंद असलं की आपण वेळ घालवतोय असं वाटतं. स्क्रूच्या तेलात मी रोज बोट घालून बघते. चाचा म्हणतात, "एवढं बघू नका, बघून बी चुरा येतो." आबा मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. स्टूल ओढून बसतात, फारसं बोलत नाहीत, पण निघताना एक तरी जॉब उचलून अंगठा फिरवून बघतात.

नवा प्रोग्राम मशीनवर घातला की चाचा लगेच चालवत नाहीत. मला बोलावतात. स्क्रीनवरचा एक-एक आकडा ते मोठ्यानं वाचतात, मी हातातल्या कागदावर बोट ठेवून तपासते. एक्स अधिक बारा. वाय वजा चाळीस. वजा, मी म्हणते. वजा, ते म्हणतात. अशा तीस-चाळीस ओळी. त्यात दहा मिनिटं जातात. बाहेर टेम्पो उभा असतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, आणि माझा पाय खाली फरशीवर आपोआप हलायला लागतो.